दोन नायकांच्या प्रेमकथेचं परीक्षण

प्रिय मनू,



तुझं परीक्षण मिळालं. केसी मक्विस्टनची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' तू जीव लावून वाचलीस हे मला कळलं, पण परीक्षणातून नाही, सोबतच्या चिठ्ठीतून. ॲलेक्स आणि हेन्रीची ई-मेलं वाचता वाचता उतरायचा स्टॉप मागे गेला, असं तू चिठ्ठीत लिहिलं आहेस. परीक्षणात त्या ई-मेलांबद्दल एक ओळ नाही. तिथे काय आहे? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८चा निकाल, समाजाची बदलती मानसिकता, आणि मग एकदाचं 'लेखिकेने हा नाजूक विषय धाडसाने व संयतपणे हाताळला आहे.'

हे सगळं मी लाल पेनने उडवलं आहे. रागावू नकोस. मासिकाचं परीक्षणांचं पान मी सांभाळत होते तेव्हा नावाजलेल्यांचीही अशी प्रस्तावना उडवत असे. कादंबरीतला एक नायक अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, दुसरा इंग्लंडचा राजपुत्र. आपल्या दंडसंहितेचा त्यांच्याशी संबंध काय? ते कलम 'कोबाल्ट ब्लू'वर लिहिताना आण. सचिन कुंडलकरांची ती कादंबरी २००६ साली आली, तेव्हा ३७७ लागू होतं, दिल्ली उच्च न्यायालयाचा पहिला निकालही तीन वर्षं लांब होता. तिथे ती माहिती एका वाक्यात येते आणि काम करते. आणि 'लेखिका' हा शब्दही काढ. मक्विस्टन स्वतःला नॉनबायनरी म्हणवतात. नुसतं आडनाव लिहिलंस की भागतं.

'धाडसी' या शेऱ्याशी माझं खरं भांडण आहे. मुलगा-मुलगीच्या प्रेमकथेवर लिहिताना 'विषय नाजूक आहे' असं तू लिहिशील का? तिथे तू सरळ विचारतेस, ही दोघं एकमेकांत कशी गुंतली, मला ते पटलं का. इथेही तेच विचारायचं. पाठ थोपटणाऱ्या समीक्षकाने पुस्तक वाचलेलंच नसतं, फक्त त्याचा विषय वाचलेला असतो. धाडसाचं कौतुक करायचंच असेल तर त्याची किंमत सांग. जेम्स बाल्डविनची 'जोव्हानीज रूम' त्याच्या अमेरिकी प्रकाशकाने नाकारली आणि १९५६ मध्ये ती दुसऱ्याकडून आली. असा तपशील दिला की विशेषणाची गरज उरत नाही.

आता त्या ई-मेलांकडे ये. तुझं परीक्षण तिथून सुरू व्हायला हवं होतं. समोरासमोर असताना हे दोघे एकमेकांना टोमणे मारतात, आणि लिहायला बसले की भलतेच उघडे होतात. मग जुन्या काळातल्या प्रेमपत्रांमधल्या ओळी मेलच्या शेवटी जोडायला लागतात. आपल्याआधीही अशी माणसं होऊन गेली, हे ते एकमेकांना आणि वाचकालाही सांगत असतात, भाषण न ठोकता. पुढे तीच ई-मेलं फुटतात आणि जगभर होतात. म्हणजे ज्या गोष्टीने प्रेम घडवलं तीच त्यांना उघडं पाडते. कथानकाची ही वीण दाखवलीस की पुस्तक चांगलं का आहे हे वाचकाला आपोआप कळेल. राजपुत्राला आणि राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला शेवटी सगळं जरा जास्तच सहज माफ होतं, ही तुझी तक्रारही मग वजनदार वाटेल. ती तक्रार मला मान्य आहे, बरं का.

पण 'शेवट अपेक्षितच असल्याने उत्सुकता राहत नाही' हे वाक्य अजिबात मान्य नाही. रोमान्स या प्रकाराचा वाचकाशी करारच असतो: प्रेम मध्यवर्ती असेल आणि शेवटी ते तगेल. कीर्तनाला बसलेल्या माणसाला सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे माहीत असतं, तरी तो उठून जात नाही. कसं मोडलं हे ऐकायला तो आलेला असतो. तेव्हा शेवट गोड आहे ही खोड काढू नकोस. तो गोडवा कमावलेला आहे की फुकट वाटलेला, एवढंच तपास.

आणि दोन पुरुषांच्या प्रेमकथेत या गोड शेवटाला एक इतिहास आहे, तो तुला ठाऊक असायला हवा. ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' १९१३-१४ मध्ये लिहिली. (हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याचं 'द हिल ऑफ देवी' त्या दिवसांवर आहे, जमलं तर मिळव.) मध्यमवर्गीय मॉरिसचं केंब्रिजमधल्या क्लाइव्हवर प्रेम बसतं, क्लाइव्ह माघार घेऊन लग्न करतो, आणि मॉरिसला शेवटी साथ मिळते ती क्लाइव्हच्याच इस्टेटीवरच्या शिकार-राखणदाराची, ॲलेकची. ॲलेक अर्जेंटिनाला जाणारी बोट सोडून देतो. दोघांना सुखात ठेवायचंच, असा फॉर्स्टरचा हट्ट होता. एकाला फासावर पाठवलं असतं किंवा दोघांना मिळून जीव द्यायला लावलं असतं तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये असे संबंध गुन्हा होते, ते १९६७च्या कायद्याने काही अंशी सुटले. फॉर्स्टर १९७० मध्ये गेला आणि 'मॉरिस' १९७१ मध्ये छापली गेली. हस्तलिखित मित्रांमध्ये फिरत होतं तेव्हाच लिटन स्ट्रेचीने शंका काढली होती की हे दोघे काही फार दिवस टिकायचे नाहीत. बघ, ही समीक्षा आहे! हळहळ नाही, शाबासकी नाही, थेट पात्रांच्या स्वभावावर बोट. मला स्ट्रेचीचं म्हणणं पटत नाही, पण अशाच समीक्षेशी वाद घालावासा वाटतो.

याचा अर्थ दुःखान्त कादंबरीला रोमान्सचा नियम लावायचा असा नाही. 'जोव्हानीज रूम' किंवा 'कोबाल्ट ब्लू' हा करार करतच नाहीत. पुस्तक कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळख, मग ते तिथे कमी पडलं का ते पाहा.

'कोबाल्ट ब्लू'वरून आठवलं. दोन्ही नायक पुरुष असले की मराठीत लिहिणाऱ्याची पंचाईत होते. त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कोणी कोणाच्या? सारखी नावं घातली तर मजकूर शाळेच्या हजेरीसारखा वाटतो. कुंडलकरांचा तनय घरी राहायला आलेल्या पाहुण्याशी थेट 'तू' म्हणून बोलत राहतो, आणि पाहुण्याला नावच नाही. अडचणही सुटते, आणि निघून गेलेल्या माणसाशी चाललेलं ते एकतर्फी बोलणं हीच कादंबरीची वेदना होते. त्याच माणसाच्या प्रेमात पडलेली बहीण अनुजा स्वतःच्या भागात वेगळ्याच आवाजात लिहिते. असं काही टिपलंस तर तू लेखनाकडे पाहते आहेस हे कळेल. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादावर लिहिलंस तर त्यांचं नाव शीर्षकाखालीच दे. अनुवादकाला तळटीपेत ढकलण्याची आपल्याकडे फार सवय आहे.

शरीरसंबंधांच्या प्रसंगांबद्दल तू 'बोल्ड' लिहिलं आहेस. हा शब्द सिनेमाच्या पोस्टरला सोडून दे. त्या प्रसंगानंतर दोघांमधलं काही बदललं का? कोण अधिक हळवा झाला, कोणी पाठ फिरवली? काहीच बदललं नसेल तर प्रसंग फुकट आहे आणि तसं लिहायला लाजू नकोस. बदललं असेल तर ते काय, हे सांग.

सत्ता कोणाच्या हातात आहे तेही पाहत जा. आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड'मध्ये (२००३) चर्चगेट स्टेशनवर भेटलेले दोघे बरोबरीचे नाहीत. युडी वयाने मोठा, इंग्रजी पत्रकार, आणि मिलिंद तरुण, दलित, पैशांच्या चणचणीतला. या कादंबरीवर जात न काढता लिहिलेलं परीक्षण मी परत पाठवेन. दोघेही समाजाच्या कडेला आहेत म्हणून दोघांमध्ये उतरंड नसते, असं नाही. राव ती उतरंड लपवत नाहीत, युडीला सोज्वळही करत नाहीत. अनेक गोडगोड रोमान्समध्ये मात्र साहेब आणि त्याचा नोकर यांचं प्रेम होतं आणि पगार कोण देतो हा प्रश्न कोणी विचारत नाही. तू विचार.

दोन नायकांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी सत्तरच्या दशकात कर्क आणि स्पॉकच्या प्रेमकथा लिहून आपापसांत वाटल्या, त्यातही बायकाच पुढे होत्या. म्हणून 'हिला काय कळतंय पुरुषांचं' असा सूर लावू नकोस. पानावर काय आहे ते बघ. नायक बाहुल्यांसारखे नटवले आहेत का? बायका आहेत की फक्त आडकाठी आणणारी आई आणि टाळ्या वाजवणारी मैत्रीण? ही टीका रास्त आहे. लेखक स्वतः कोण, कोणाबरोबर राहतो, याचा तपास हे समीक्षकाचं काम नव्हे. 'सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा' लिहिणाऱ्या बेकी अल्बर्टाली यांच्यामागे लोक हाच धोशा लावून बसले होते. शेवटी २०२० मध्ये आपण बायसेक्शुअल आहोत हे त्यांना जाहीर लिहावं लागलं. ज्यांच्या पुस्तकात एका मुलाला मनाविरुद्ध उघडं पाडण्याचीच गोष्ट आहे, त्यांच्याही वाट्याला तेच आलं.

मराठीत बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' मिळव. पुण्याचा समपथिक ट्रस्ट त्यांनीच सुरू केला. वाचनालयात लेखकाचं नाव घेऊन माग, नाहीतर हातात व. पु. काळ्यांची 'पार्टनर' पडेल.

दादा म्हणत होता की हिला टोपणनाव घ्यायला सांग, पुढे लग्नबिग्न ठरायचं आहे. पॅट्रिशिया हायस्मिथने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' १९५२ मध्ये क्लेअर मॉर्गन या नावाने काढली, तिची कारणं तिच्यापाशी होती. माझं मत विचारशील तर परीक्षण नावानिशी असावं, कारण दुसऱ्याच्या पुस्तकाला नावं ठेवणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायला हवं. पण हा निर्णय तुझा. तू काय ठरवलंस आणि का, हे मी विचारणार नाही, आणि दादालाही विचारू देणार नाही.

नवीन खर्डा सातशे शब्दांत बसव आणि ई-मेलांपासून सुरू कर. पुढच्या अंकाचा मजकूर महिनाअखेर जातो, त्याआधी माझ्याकडे येऊ दे.

तुझी,
आत्या