मागांची खबर मालकाच्या टेबलावर: किती खर्च येतो?

भिवंडीत चोवीस मागांचा कारखाना चालवणाऱ्याला बँकेतली शिल्लक तोंडपाठ असते. कोणत्या ट्रेडरकडे किती अडकलंय, याचाही अंदाज असतो. पण गेल्या आठवड्यात सात नंबरचा माग किती तास बंद होता, किंवा ट्रेडरने दिलेल्या सुतापैकी किती किलो कापडात उतरलं, हे विचारलं की मुकादमाला हाक मारावी लागते. मुकादम चिठ्ठ्या चाळतो. माहिती कारखान्यातच असते, फक्त ती मालकापर्यंत येते तेव्हा महिना उलटून गेलेला असतो. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, म्हणजे एमआयएस, या भारदस्त नावाचं काम इतकंच: जे घडलं ते वेळेत मालकासमोर यावं.

ते आलं तर किती पैसे वाचतात, हे आधी बघू, कारण खर्च परवडतो की नाही ते त्यावरच ठरतं. साधा यंत्रमाग मिनिटाला १२० पिक, म्हणजे आडवे धागे, मारतो असं धरा. कापड इंचाला ५२ पिकांचं असेल, तर एका मीटरला साधारण २,०५० पिक लागतात. माग चोवीस तास एकदाही न थांबता चालला तर ८४ मीटर कापड निघेल. प्रत्यक्षात ६० मीटर निघालं, तर कार्यक्षमता ७१ टक्के झाली. उरलेले २४ मीटर कुठे गेले? सूत तुटलं, बीम संपून माग उभा राहिला, वीज गेली, कांडी वेळेवर आली नाही. यातल्या प्रत्येक कारणावर इलाज वेगळा, पण कारण लिहिलंच नाही तर इलाज तरी कशावर करणार?

ट्रेडरकडून मिळणारी मजुरी इंचातल्या प्रत्येक पिकामागे मीटरला १० पैसे धरली, तर ५२ पिकांच्या मीटरला ५ रुपये २० पैसे होतात. कार्यक्षमता ५ टक्क्यांनी वाढली, तर मागामागे दिवसाला सव्वाचार मीटर जास्त निघतात. चोवीस मागांचे महिन्याच्या पंचवीस दिवसांत साधारण १३,००० रुपये झाले. विणकराची वाढीव मजुरी आणि वीज यात निम्मे गेले, तरी सहा-साडेसहा हजार हातात राहतात. तुमच्या कापडाचे पिक आणि तुमचा मजुरीचा दर घालून हा हिशेब घरी एकदा करून पाहा. विकणारा सांगेल त्या फायद्यापेक्षा स्वतः काढलेला आकडा भरवशाचा.

आता खर्च. या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत अशा यंत्रणांचे प्रकार उतरंडीने मांडलेले असतात. तळाला रोजच्या व्यवहारांची नोंद, त्यावर व्यवस्थापकाचे ठरावीक अहवाल, त्यावर निर्णयाला मदत करणारी आकडेमोड, आणि सगळ्या विभागांना एकत्र बांधणारी ईआरपी. कारखानदाराने ही उतरंड खालूनच चढावी. ज्याचं चलान रोजच्या रोज लिहिलं जात नाही, त्याने ईआरपी घेतली तर पडद्यावर रिकामे रकानेच दिसतील.

पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे. मागनिहाय छापील तक्ता: तारीख, पाळी, माग नंबर, मीटर, बंद राहिल्याची मिनिटं आणि कारण. पाळी संपताना मुकादमाने तो भरायचा आणि संध्याकाळी एकाने एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये चढवायचा. बारा मागांपर्यंतच्या कारखान्याला मी यापुढे काही विकत घ्यायला सांगणार नाही. जीएसटीच्या बिलांसाठी जीएसटी नेटवर्कने २०१९ मध्ये वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या करदात्यांसाठी मोफत बिलिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर आणलं. लहान कारखान्याने आपल्या सीएकडे त्याची चौकशी आधी करावी.

दुसरी पायरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरची. भिवंडीत बहुतेकांच्या तोंडी टॅलीचंच नाव येतं आणि ते जाणणारे मेहता (हिशेबनीस) आणि सीए गावात सहज मिळतात. माझ्या मते ते घेण्याचं सर्वांत मोठं कारणही हेच आहे. अलीकडच्या दरपत्रकात टॅलीप्राइमची एका संगणकासाठीची सिल्व्हर प्रत २२,५०० रुपये आहे, आणि एकाच कार्यालयातल्या अनेक संगणकांसाठीची गोल्ड ६७,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. भाड्याने सिल्व्हर महिन्याला ७५० रुपये अधिक कर. तीस महिन्यांचं भाडं विकतच्या किमतीएवढं होतं. म्हणून पहिले सहा महिने भाड्यावर चालवून बघावं, सवय लागली तरच विकत घ्यावं. पहिल्या वर्षानंतर अद्ययावत सेवा चालू ठेवायला सिल्व्हरला वर्षाला ४,५०० रुपये अधिक कर लागतो. दर बदलत असतात, तेव्हा लेखी कोटेशन हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल, तर सॉफ्टवेअरवर भरलेला कर क्रेडिटमध्ये मिळू शकतो. संगणक आणि सॉफ्टवेअरवर आयकरात ४० टक्के घसाराही धरता येतो.

चोवीस मागांच्या कारखान्याचं पहिलं वर्ष असं जाईल. संगणक आणि यूपीएस ४०,०००, प्रिंटर १२,०००, बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क ५,०००, सिल्व्हर प्रत २२,५००, आणि जुन्या बाकी, सुताचा साठा, पार्ट्यांची नावं भरून देणाऱ्याचे ८,०००. हे झाले ८७,५००. आता नोंदी करणारा माणूस अर्ध्या दिवसासाठी महिन्याला ७,००० रुपयांवर ठेवला, तर वर्षाचे ८४,०००. एकूण १,७१,५००. जवळजवळ निम्मा पैसा माणसावर गेला आणि सॉफ्टवेअरवर जेमतेम तेरा टक्के. दुसऱ्या वर्षापासून खर्च ८८,५०० वर येतो, आणि त्यातला फक्त ४,५०० चा भाग सॉफ्टवेअरचा. विकायला येणारा सॉफ्टवेअरची किंमत सांगून जातो, माणसाची सांगत नाही. तो माणूस ठेवणं जमत नसेल, तर सॉफ्टवेअर घेऊ नका.

दुसऱ्या वर्षापासून महिन्याला हे साडेसात हजारांच्या आसपास पडतं. वर काढलेल्या सहा-साडेसहा हजारांतून ते पुरतं निघत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. उरलेलं सुतातून आणि वसुलीतून निघतं.

सुताचा हिशेब बीमनिहाय ठेवा. समजा १,००० किलो सूत आलं. ९६० किलोचे ताके गेले, २५ किलो वेस्टेज वजन करून लिहिलं, ५ किलो शिल्लक आहे. मग १० किलोचा पत्ता नाही. किलोला २०० रुपये धरले तर २,००० रुपये, आणि ट्रेडर ती घट मजुरीतून कापतो तेव्हा तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो. जॉबवर्कचं सूत आणि कापड राज्यात ५० किलोमीटरच्या आत नेताना महाराष्ट्रात ई-वे बिलाची सूट आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्या मालाला म्हणून बरेचदा चलान एवढाच पुरावा असतो. चलानाचा नंबर, ताके, मीटर आणि वजन हे चारही त्याच दिवशी संगणकात गेले पाहिजेत. नोंद उद्यावर टाकली की ती गेलीच.

वसुलीचं पत्रक तर मी प्रत्येकाला दर सोमवारी छापून भिंतीवर लावायला सांगेन: कोणाची किती बाकी, आणि किती दिवसांची. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून ही मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि हातात दिवसांची यादी असली, की ट्रेडरशी मार्च महिन्यातलं बोलणं बदलतं. सूत स्वतः विकत घेत असाल तर आणखी एक पत्रक लागेल: तुमची खरेदी आणि जीएसटी पोर्टलवरचं दोन-बी विवरण यांची जुळणी. दहा लाखांच्या सुतावर ५ टक्क्यांनी ५०,००० चं क्रेडिट असतं. विक्रेत्याने आपलं विवरण भरलं नाही तर ते अडकतं, आणि त्याचं पुढचं बिल चुकतं करण्याआधी हे कळायला हवं.

मागनिहाय कार्यक्षमता टॅलीत आपोआप दिसत नाही. त्यासाठी वरचा तक्ताच चालू ठेवा, किंवा खास विणकामाचं सॉफ्टवेअर करून घ्या. करून घेणार असाल तर वार्षिक देखभालीचा आकडा आधी विचारा. तो बहुधा किमतीच्या १५ ते २० टक्के असतो, म्हणजे दीड लाखाच्या कामाला दरवर्षी २२,५०० ते ३०,०००. बनवणारा उद्या गाव सोडून गेला, तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये काढता येईल का, हे करारात लिहून घ्या. यावर जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

गोदामवाल्यांची गोष्ट वेगळी. मुंबईची जकात चुकवायला माल शहराच्या हद्दीबाहेर ठेवायची पद्धत होती, त्यातून मानकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या भागांत गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. मोठ्या ऑनलाइन कंपन्या आपलं सॉफ्टवेअर आपणच आणतात, त्यांच्या कामासाठी तुम्ही काही विकत घेऊ नका. पण आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पेट्यांची तुमची स्वतंत्र मोजणी हवीच, नाहीतर तुटीचं बिल त्यांच्या आकड्यावर निघतं. त्याला साधा बारकोड स्कॅनर १,५०० ते ३,५०० रुपयांत आणि लेबल प्रिंटर साधारण १० ते १५ हजारांत मिळतो. गोदामाच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन दरमहा प्रति वापरकर्ता येतं. त्याखाली ग्राहकाच्या यंत्रणेला जोडून देण्याचं वेगळं शुल्क असतं, तो आकडा आधी वाचा.

लायसन्स आणि पासवर्ड मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर घ्या, मेहताच्या किंवा विकणाऱ्याच्या नको. बॅकअप रोज घ्या. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून, गेल्या आठवड्याचं एखादं चलान त्यात सापडतं का ते स्वतः बघा.