लग्नमांडवातील हस्तकला

मुलांनो, अंगणात लग्नाचा मांडव उभा राहिला की त्याला पहिले तोरण आंब्याच्या पानांचे. त्यासाठी जून पाने निवडावीत. कोवळी पाने उन्हात लगेच माना टाकतात. पानाचा देठाकडील भाग सुतळीवरून दुमडून हिराच्या तुकड्याने टाचला, की झाले.

मुंडावळ्यांचे काम मात्र नाजूक. केळीचे सोपट भिजवून त्याचे धागे काढतात आणि त्यांत मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या गुंफतात. सुईने कळी दुखावते. सोपटाची गाठ तिला नुसती धरून ठेवते. ही गाठ वाचून येत नाही. आजीच्या बोटांकडे पाहूनच ती उचलावी लागते. मोत्यांच्या तयार मुंडावळ्या वर्षानुवर्षे टिकतात, हे खरे. पण दुपारी गुंफलेल्या कळ्या गोरज मुहूर्तावर वधूवरांच्या कपाळी उमलू लागतात आणि मांडवभर सुवास दरवळतो.