बसण्याआधी मोकळं सोडावं का?

तरुण घोड्यावर बसण्याआधी किंवा त्याला अडथळ्यावर नेण्याआधी रिंगणात मोकळं पळवावं का, असं नवे घोडेमालक हटकून विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: पळवावं, पण शिकवण्यासाठी, दमवण्यासाठी नव्हे. तरुण घोडे घडवताना पटलेल्या या गोष्टी.

१. आधी मस्तीचं कारण शोधा. दिवसभर ठाणावर बांधलेला आणि दाणा भरपूर खाणारा घोडा उधळणारच. त्याला रोज पॅडॉकमध्ये सोडा, दाणा कमी करा, गवत वाढवा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

२. दमवून शांत केलेला घोडा शिकत नाही. उलट रोजच्या पळण्याने त्याचा दम वाढतो आणि पुढे तेवढ्याच शांततेसाठी त्याला आणखी पळवावं लागतं. मणक्यांची वाढ साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. छोट्या गोलात वेगाने फिरवण्याचा भार कोवळ्या सांध्यांना सोसत नाही.

३. ठाणावरून काढून थेट धावायला लावू नका. आधी दहा मिनिटं हातात धरून चालवा. पायांना बूट बांधा. खोगीर असेल तर रिकिबी वर बांधा, लगाम लोंबता ठेवू नका.

४. उडीची ओळख मात्र मोकळ्यानेच व्हावी. पाठीवर ओझं नसलं की घोडा पाऊल स्वतः मोजतो आणि पाठ गोल करून उडतो. भिंतीलगत गल्ली करा. दुडकीसाठी जमिनीवर सव्वा ते दीड मीटर अंतराने बांबू आणि त्यांच्यापुढे फुलीसारखा बुटका अडथळा ठेवा. दुसरा अडथळा त्यापुढे साडेसहा-सात मीटरवर असावा. घोड्याची झेप पाहून अंतर कमी-जास्त करा. जर्मनीत वेर्डनला हॅनोवर जातीचे तरुण नर पैदाशीसाठी निवडतानाही त्यांच्या उड्या स्वाराविनाच पाहतात.

५. चाबूक दिशा दाखवायला असतो, हाकलायला नाही. मोतद्दार शांत हवा, आवाज मऊ हवा. चार-सहा चांगल्या उड्या झाल्या की थांबा. आठवड्यातून एकदा पुरे.

६. घोडा काय सांगतो ते पाहा. अडथळ्याकडे सुसाट धावणाऱ्याला धाडसी समजू नका; बऱ्याचदा तो घाबरलेला असतो किंवा त्याला कुठे तरी दुखत असतं. पाठ, दात, खूर आणि खोगीर तपासून घ्या.

७. मोकळ्या उड्या झालेल्या दिवशी फार तर चालीवरची छोटी रपेट करा. कान टवकारलेले आणि पाठ ताठ असेल, तर त्या दिवशी बसूच नका.

नीट सांभाळलेला घोडा पंधराव्या-सोळाव्या वर्षीही आनंदाने उड्या मारतो. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुम्ही घाई करू नका, एवढीच विनंती.