सात पॉइंट आणि एक गड

"एका दिवसात सात पॉइंट" अशी सहल नागपुरात कुणी सुचवली, तर भाड्याची घासाघीस नंतर करा. आधी एवढंच विचारा : रामटेकच्या गडावर किती वाजता पोचवणार? उत्तर "साडेअकरा-बारापर्यंत" असं आलं, तर ती सहल घेऊ नका. एप्रिलमध्ये तर नाहीच नाही.

पुण्याहून साडू, मेव्हणी आणि सासूबाई आल्या होत्या. साडूंनी येण्याआधीच मोबाइलवरून गाडी ठरवलेली. कामठीचा ड्रॅगन पॅलेस, मनसर, गड, अंबाळा आणि खिंडसी हे तलाव, नगरधनचा किल्ला आणि वर पेंच. मी म्हटलं, "पेंच याच्यात कसं बसवणार?" चालक शांतपणे म्हणाला, "होते ना भाऊ, गेटपर्यंत दाखवतो." गेट पाहायला कोण पेंचला जातो? जंगलात सकाळी शिरायचं तर सिल्लारीच्या गेटवर पहाटे हजर राहावं लागतं, सफारी आधीच आरक्षित केलेली असावी लागते, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंदच असतं. पेंच हा वेगळा दिवस आहे. रामटेकच्या यादीत पेंचचं नाव दिसलं, की यादी करणाऱ्याला आकडा फुगवायचा आहे हे ओळखावं.

निघायला साडेनऊ झाले. ड्रॅगन पॅलेस सुंदर आहे, तिथे वेळ गेला त्याचं दुःख नाही. पण पुढे महामार्गावर चहासाठी म्हणून गाडी एका दुकानाशी थांबली. तेलं, चूर्णं, गुडघेदुखीचा लेप! सासूबाईंच्या गुडघ्यांची दुकानदाराला इतकी काळजी, की पाऊण तास गेला आणि लेप घ्यावाच लागला. चालकाला त्यात कट असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. बोलत कुणी नाही. बोलावं. गाडी ठरवतानाच मेसेजवर लिहून घ्यावं : वाटेत दुकानात थांबायचं नाही, टोल आणि पार्किंग कुणी द्यायचं, तास आणि किलोमीटर किती, वेटिंगचा दर काय. नागपूर ते रामटेक जेमतेम पन्नास किलोमीटर. एवढ्या छोट्या दौऱ्यात भाडं फुगतं ते तासांनी.

गडावर पोचलो तेव्हा उन्ह डोक्यावर होतं. आमच्या शहराचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता. एप्रिलही फार मागे नसतो. वरपर्यंत गाडी जाते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पुढचं अंगण आणि पायऱ्या अनवाणी चालाव्या लागतात, आणि तो दगड सकाळपासून तापलेला असतो. सासूबाई चार पायऱ्या चढल्या आणि सावली धरून बसल्या. "तुम्ही जाऊन या, मी इथूनच हात जोडते." रामाच्या दारापर्यंत येऊन बाईला बाहेरून नमस्कार करावा लागला, याचा राग मला अजून आहे. तेवढ्यात माकडाने मेव्हणीच्या हातातली प्रसादाची पिशवी ओढली, आणि झटापटीत तिचा चष्मा खाली पडून फुटला. तिथे पिशवी हातात धरायचीच नाही. नारळ, प्रसाद, केळी सगळं झोळ्यात, झोळा बंद. चष्म्याला दोरी बांधली तरी चालेल, हसणारे हसोत. आणि माकडाने काही धरलंच तर सोडून द्यावं, ओढाताण करू नये. चाव्याचा खर्च नारळापेक्षा मोठा असतो.

त्या घाईत जे राहिलं, ते रामटेकचं सगळ्यात मोलाचं आहे. राममंदिराकडे धावणारे पाहुणे केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन छोटी देवळं ओलांडून जातात. ती वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली आहेत. आत नरसिंह निवांत बसलेला आहे. पायाशी हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही. केवल नरसिंहाच्या देवळात शिलालेख आहे, आणि अभ्यासकांच्या मते हे देऊळ प्रभावतीगुप्तेच्या मुलीने आईच्या स्मरणार्थ उभारलं. प्रभावतीगुप्ता म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला आणि लहान मुलांच्या वतीने तिनेच राज्य चालवलं. गडावरचा वराहही त्याच काळातला. लाल दगडाचा प्रचंड प्राणी, ज्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायची रीत आहे. मुलांना राममंदिरापेक्षा हाच जास्त आठवतो.

आता हीच प्रभावतीगुप्ता नगरधनला पुन्हा भेटते. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने २०१५ ते २०१८ दरम्यान तिथे उत्खनन केलं, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, नावावर शंखाचं चिन्ह. आज दिसतो तो किल्ला बराच नंतरचा, पण आत खाली उतरून जायचं देवीचं ठाणं आहे आणि तिथला गारवा उन्हाळ्यात फुकटचा मिळतो. आम्हाला किल्ला चालकाने काचेतून दाखवला. "हाच तो." मनसरला पोचेपर्यंत अंधार पडला. तिथे विटांचे टप्पे चढून हिडिंबा टेकडी पाहायची असते. उत्खननकर्त्यांच्या मते हे प्रभावतीगुप्तेच्या मुलाचं, दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं मांडलं होतं. कुणाचं खरं, यावर वाटेत भांडायला मजा येते. मनसरची प्रसिद्ध शिवमूर्ती मात्र पाहायची तर दिल्लीला, राष्ट्रीय संग्रहालयात.

तेव्हा माझं म्हणणं असं : सात पॉइंट सोडा, प्रभावतीगुप्तेचा माग काढा. नगरधन, गड, मनसर. तिन्ही एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. उन्हाळ्यात सहाच्या आत नागपूर सोडा, आधी सरळ गडावर, नऊच्या सुमारास खाली. मग जेवण, झाडाखाली लोळणं, आणि नगरधनच्या त्या गारव्यात उतरणं. मनसर उन्ह कलल्यावर, पण सूर्य मावळायच्या आत. टेकडीवर सावली नाही, माहितीचे फलकही फारसे नाहीत, म्हणून घरून दोन पानं वाचून निघा. हिवाळ्यात उलटसुलट केलं तरी चालतं. त्रिपुरी पौर्णिमेला मात्र गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा, यात्रेची गर्दी असते.

पावसाळ्यात रामटेक सर्वांत देखणं. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी हाच, असं मिराशींनी मांडलं. आषाढात टेकडीवर ढग टेकले की वाद घालावासा वाटत नाही. पण तेव्हाच घसरण्याची भीती जास्त. अंबाळ्याच्या घाटावर शेवाळ असतं, कर्पूर बावडीच्या पायऱ्यांवरही. मुलांचा हात सोडू नका. वीज कडाडायला लागली की गडाच्या उघड्या कडेवर फोटो काढत राहू नका. खिंडसीत नावेत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगात घालून, मांडीवर ठेवून नाही. नावाडी "काही होत नाही" म्हणेल. तो रोज म्हणतो.

पाण्याच्या बाटल्यांबरोबर ताकाची एक बाटली ठेवा, डोक्याला दुपट्टा बांधा. पुण्याच्या लोकांना लाज वाटते, त्यांना वाटू द्या. ज्येष्ठ बरोबर असतील तर जाड मोजे घ्या आणि ते घालून चाललं तर चालेल का, हे देवळात आधी विचारा. गाडी परवडत नसेल तर एसटी आहे. मात्र नगरधन-मनसर त्यात गाठणं अवघड, तेव्हा रामटेकला उतरून ऑटो ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या.

साडूंनी त्या दिवशी वेटिंगचे पैसे भरले, तक्रार न करता. पुण्याला पोचल्यावर त्यांनी फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "रामटेक, नगरधन, मनसर : पूर्ण." मी उत्तरात फक्त हिवाळ्यातल्या दोन तारखा कळवल्या, आणि सासूबाईंना फोन करून सांगितलं की या वेळी गाडी मी ठरवतो.