माइकचं नवीन व्हर्जन घ्यायचं की जुनंच बरं? आधी हा हिशोब करा



व्हॉइस-ओव्हर, पॉडकास्ट रेकॉर्डिंग, ऑनलाइन क्लास. घरातल्या एका खोलीतून सुरू होणारे हे व्यवसाय. भांडवल मोजकंच असतं आणि दुकानात गेलं की ऐकायला मिळतं, "जुनं कशाला घेताय, नवीन व्हर्जन आलंय!" मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून सांगतो: "नवीन आलंय" यापेक्षा सोपं विक्रीचं वाक्य नाही.

आजचा धडा एका ओळीत सांगायचा तर, नवीन व्हर्जनमध्ये बहुतेक वेळा आवाज सुधारलेला नसतो, एखादी अडचण कमी केलेली असते. ती अडचण तुमची आहे का, एवढंच बघायचं.

उदाहरण १: शूर एसएम७

हा माइक १९७३ मध्ये आला. १९९९ च्या एसएम७ए मध्ये कॉम्प्युटर मॉनिटरमुळे येणारी घरघर कमी केली आणि स्टँडची पकड सुधारली. २००१ च्या एसएम७बी सोबत तोंडाजवळ बोलणाऱ्यांसाठी मोठा फोम आला. आवाजाचा स्वभाव तोच राहिला.

या माइकची खरी अडचण म्हणजे त्याचा सिग्नल फार हळू असतो. त्याला साधारण ६० डीबी गेन लागतो. म्हणून २०२३ मध्ये एसएम७डीबी आला, ज्यात १८ किंवा २८ डीबी वाढवणारा प्रीअँप आतच बसवलाय. त्यासाठी ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. प्रीअँप बंद केला की तो एसएम७बी सारखाच चालतो.

आता गंमत बघा. फोकसराइट स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत गेन ५६ डीबी होता, चौथ्या पिढीत तो ६९ डीबी झाला. म्हणजे तुमच्याकडे चौथी पिढी असेल, तर अडचण आधीच सुटलेली आहे. मग डीबीसाठी जास्तीचे पैसे कशाला?

उदाहरण २: नॉयमन यू८७

मोठ्या स्टुडिओंमधला हा नावाजलेला माइक १९६७ चा. १९८६ मध्ये यू८७ एआय आला. आतलं सर्किट बदललं आणि आउटपुट बरंच वाढलं. कागदावर ही सुधारणाच. तरीही काही साउंड इंजिनिअर आजही जुनाच माइक शोधतात, कारण त्यांच्या कानाला तो आवाज जास्त आवडतो. आकडा वाढणं आणि पसंती वाढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण ३: शूर एमव्ही७

२०२० च्या एमव्ही७ ला मायक्रो-यूएसबी होतं. २०२४ च्या एमव्ही७ प्लसमध्ये यूएसबी-सी आलं, शिवाय मागचा गोंगाट कमी करायची सोय आली. पण ही सोय यूएसबीवरच मिळते. तुम्ही एक्सएलआर केबलने जोडणार असाल, तर तिचा उपयोग शून्य.

आता आपला हिशोब

पैसे देण्याआधी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा:

१. नवीन व्हर्जनने नेमकी कोणती अडचण सोडवली? एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.
२. ती अडचण मला रोज येते का?
३. ती दुसरीकडून स्वस्तात सुटते का? खोलीत आवाज घुमत असेल, तर महाग माइकही तो घुमणारा आवाजच पकडेल. जाड पडदे, गाद्या, गोधड्या लावून आधी खोली सुधारा.

तिन्ही उत्तरं नवीनच्या बाजूने आली, तर पैसे वसुली बघा. समजा दोन मॉडेलच्या किमतीत १०,००० रुपयांचा फरक आहे. नवीनमुळे प्रत्येक रेकॉर्डिंगमागे आवाज साफ करण्याची १५ मिनिटं वाचतात आणि महिन्याला २० रेकॉर्डिंग होतात. म्हणजे ५ तास वाचले. तुमच्या तासाची किंमत २०० रुपये धरली, तर महिन्याला १,००० रुपये. फरक १० महिन्यांत वसूल. पण महिन्याला चारच रेकॉर्डिंग होत असतील, तर त्याच वसुलीला ५० महिने लागतील! अशा वेळी जुनं मॉडेल घ्या आणि उरलेले पैसे ग्राहक मिळवण्यात घाला.

एक मात्र लक्षात ठेवा, वाचलेल्या वेळेत दुसरं काम मिळालं तरच तो पैसा खरा.

गृहपाठ: तुमच्या यादीतलं सगळ्यात महाग यंत्र घ्या आणि त्याच्यासमोर हे तीन प्रश्न सोडवा. माइक असो, शिलाई मशीन असो की ओव्हन, हिशोब हाच.

भेटू पुढच्या व्हिडिओत!