स्लाइडवरील राखीव जागा

एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची रीत आपणां सर्वांस परिचित आहे. रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे. 'येथे कोणी बसणार आहे' एवढेच तो सांगतो. पॉवरपॉइंटमध्ये नवी स्लाइड घेतली की तुटक रेषांच्या ज्या चौकटी दिसतात आणि ज्यांत 'येथे शीर्षक लिहा' अशा अर्थाची फिकट अक्षरे असतात, त्या अशाच रुमालासारख्या आहेत. त्यांना प्लेसहोल्डर म्हणतात. मजकूर आला की फिकट अक्षरे जातात. मजकूर आलाच नाही तर प्रत्यक्ष सादरीकरणात ती चौकट दिसत नाही. अशा चौकटी किती, कोठे व केवढ्या असाव्यात हे ठरविणारा आराखडा म्हणजे लेआउट, म्हणजेच मांडणी.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास हे समजणे अवघड नाही. रोजकीर्दीत तारीख, तपशील, खाते पान, नावे व जमा असे रकाने आधीच आखलेले असतात. रक्कम कोऱ्या कागदावर कोठेही लिहिली तरी ती रक्कमच राहते, परंतु ती नावेची की जमेची हे रकान्यावाचून कळत नाही. स्लाइडचेही तसेच आहे. तथापि आपल्याकडील बहुसंख्य विद्यार्थी आयत्या चौकटी प्रथम पुसून टाकतात आणि 'टेक्स्ट बॉक्स' घेऊन मनास येईल तेथे मजकूर लिहितात. दिसायला दोन्ही सारखेच दिसते. फरक पुढे पडतो.

उदाहरण म्हणून मी यंदाच्या परिसंवादासाठी केलेले सादरीकरण घेतो. विषय होता 'सचिन: संस्थान ते औद्योगिक वसाहत'. सचिन म्हटल्यावर वर्गात प्रथम क्रिकेटच आठवले! परंतु हे सचिन म्हणजे मुंबईहून सुरतेस जाताना नवसारीच्या पुढे लागणारे रेल्वे स्थानक. माझे काका तेथील जी. आय. डी. सी.मध्ये एका कापड प्रक्रिया गिरणीत नोकरीस असल्याने सुटीत तेथे जाणे होते. या गावाचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस देऊन १७९१ मध्ये त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. पेशव्यांच्या हाती जंजिरा काही लागला नाही, सचिनचे संस्थान मात्र उभे राहिले! १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले व १९६० पासून ते गुजरातेत आहे. आज तेथे कापडाचे कारखाने आहेत आणि सुरत विशेष आर्थिक क्षेत्रही तेथेच आहे.

आता ही माहिती स्लाइडवर कशी बसवावी? संस्थानकाळ व उद्योगकाळ असे दोन भाग पडतात, तेव्हा प्रत्येक भागाच्या आरंभी 'सेक्शन हेडर' ही मांडणी. जंजिरा व सचिन यांची तुलना करावयाची तर 'कम्पॅरिझन': तीत शीर्षकाखाली दोन उपशीर्षके व त्यांखाली दोन चौकटी असतात. मांडणी मागाहून बदलावीशी वाटली तर 'होम'मधील 'लेआउट' दाबून दुसरी निवडावी; मजकूर आपापल्या नव्या जागी जाऊन बसतो. मात्र 'कम्पॅरिझन'वरून 'टू कन्टेन्ट'वर आलो की त्या मांडणीत उपशीर्षकांना जागाच नसते. ती नष्ट होत नाहीत, पण गाडी भरल्यावर दारात उभ्या राहिलेल्या उतारूंसारखी स्लाइडवर अधांतरी राहतात. त्यांची सोय आपणच लावायची. टेक्स्ट बॉक्समधील मजकूर मात्र मांडणी कितीही बदलली तरी जागचा हलत नाही आणि नव्या चौकटींवर आडवा येतो.

आमच्या महाविद्यालयात खरी निकड निराळीच होती. तेच सादरीकरण मराठी व कन्नड या दोन्ही विभागांत करावयाचे होते. कन्नड मी बोलतो व वाचतो, पण माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाल्याने लेखी कन्नड एका मित्राकडून तपासून घेणे भाग होते. अशा वेळी 'व्ह्यू'मधील 'आउटलाइन' कामास येते. तेथे सर्व स्लाइडांची शीर्षके व मुख्य मजकूर ओळीने दिसतो. फाइल 'आउटलाइन आर. टी. एफ.' या प्रकारात जतन केली की हाच मजकूर सलग पानांवर मिळतो व भाषांतरासाठी देता येतो. टेक्स्ट बॉक्समधले एक अक्षरही त्यात येत नाही. ज्याने सारे सादरीकरण टेक्स्ट बॉक्सांत लिहिले, त्याच्या हाती कोरी आउटलाइन येते.

एकाच स्लाइडवर दोन्ही भाषा हव्या असतील तर स्वतःची मांडणी करावी. ही सोय २००७ च्या आवृत्तीपासून आहे. 'व्ह्यू'मधून 'स्लाइड मास्टर'मध्ये जावे. डावीकडे सर्वांत वर मोठे चित्र दिसते तो मास्टर, त्याखालील लहान चित्रे म्हणजे मांडण्या. मास्टरमध्ये केलेला बदल मांडण्यांत उतरतो व तेथून स्लाइडांवर. 'इन्सर्ट लेआउट' दाबून नवी मांडणी घ्यावी, 'इन्सर्ट प्लेसहोल्डर'मधून 'टेक्स्ट' निवडून डावीकडे एक व उजवीकडे एक चौकट काढावी, आतील इंग्रजी सूचना पुसून 'मराठी मजकूर' व 'कन्नड मजकूर' असे लिहावे आणि मांडणीस नाव द्यावे. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाविद्यालयाचे नाव सर्व स्लाइडांवर कायम हवे असेल तर ते मास्टरवर साध्या टेक्स्ट बॉक्समध्येच लिहावे. टेक्स्ट बॉक्सचा हा एक उचित उपयोग होय. दुसरे असे की, मांडणीत मागाहून नवी चौकट घातली तर आधीच्या स्लाइडांवर ती आपोआप उगवत नाही. त्या स्लाइडांस तीच मांडणी पुन्हा लावावी लागते.

कन्नडमधील ओत्तक्षरे ओळीच्या खाली उतरतात. मराठीसाठी पुरणारे ओळींतील अंतर कन्नडला अपुरे पडते व ओळी एकमेकींस भिडतात. हे अंतर स्लाइडगणिक न वाढविता मांडणीतील कन्नड चौकटीतच वाढवावे. टंक म्हणून 'निर्मला यूआय' सोयीचा, कारण त्यात देवनागरी व कन्नड दोन्ही लिप्या आहेत. मजकूर फार झाला की प्लेसहोल्डर अक्षरे आपोआप बारीक करतो. ही कृपा मला तरी नको वाटते, कारण शेजारच्या दोन स्लाइडांवरील अक्षरे लहानमोठी दिसतात व मागच्या बाकावरील श्रोत्यास काही वाचता येत नाही. मास्टरमध्ये 'डू नॉट ऑटोफिट' निवडावे आणि मजकूर दोन स्लाइडांवर विभागावा.

शेवटी जुन्या टंकांविषयी. कृतिदेव किंवा तत्सम बिगर-युनिकोड टंकात लिहिलेला मराठी मजकूर प्लेसहोल्डरमध्ये चिकटवला तर प्रथम ठीक दिसतो. परंतु 'रिसेट' दाबताच चौकट आपला मूळ टंक परत घेते आणि 'संस्थान' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी उभी राहते. यात चौकटीचा दोष नाही. त्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरे मुळात नव्हतीच, नुसता देवनागरीचा मुखवटा होता. म्हणून असा मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत, आणि मगच तो चौकटीत भरावा.