आंब्याचा हंगाम आणि पिकअपचे तापणारे इंजिन

शिमगा आटोपून पालख्या देवळात परतल्या की रत्नागिरी तालुक्यातील आंबा बागायतदाराची धांदल सुरू होते. झेले, खोकी, पेंढा, गडीमाणसे, वाशीच्या आणि कोल्हापूरच्या दलालांशी बोलणी, या सर्वांची तजवीज तो मोठ्या दक्षतेने करतो. परंतु ज्या पिकअपच्या हौद्यातून हा माल घाट चढून जायचा असतो, तिच्या इंजिनाकडे ते रस्त्यात उकळेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. चौदा आणे तयार झालेला हापूस सकाळच्या गारव्यात उतरवून पेटीत भरला, आणि साखरप्याच्या पुढे आंबा घाटात भर दुपारी गाडी वाफ सोडीत उभी राहिली, तर ताडपत्रीखाली कोंडलेल्या उष्म्याने फळ अवेळी व विषम पिकते आणि वर्षभराच्या फवारणी-राखणीचे मोल दोन-तीन तासांत उतरते. म्हणून पहिली पेटी निघण्यापूर्वीच गाडीची तपासणी उरकून घ्यावी, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.

गाडी तापते असे कळताच रेडिएटर बदलण्याची घाई अनेकजण करतात. ती अनाठायी होय. गाडी केव्हा तापते, याचे उत्तर चालकाकडून आधी नीट मिळवावे, कारण निम्मे निदान त्या उत्तरातच असते. हातखंबा ते पाली अशा वाहत्या रस्त्यावर काटा जागेवर राहतो आणि चढणीला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वर सरकतो, असे असेल तर दोष बहुधा वाऱ्याच्या बाजूचा असतो. मंद गतीत समोरून वारा पुरेसा लागत नाही, इंजिनावर भार मात्र पूर्ण असतो, आणि सारी भिस्त पंख्यावर येते. अशा वेळी पंख्याचा पट्टा सैल आहे काय, कपलिंगवर फिरणारा पंखा इंजिन तापल्यावरही ढिला फिरतो काय, विजेवरचा असल्यास तो वेळेवर सुरू होतो काय, हे पाहावे. याउलट सपाट रस्त्यावर, वेगात, भरल्या गाडीने काटा चढत असेल, तर रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबल्याचा संशय घ्यावा. गाडी सुरू करून थोड्याच वेळात काटा झपाट्याने वर गेला, वरची होज कढत आणि खालची गार लागली, तर थर्मोस्टॅट अडकलेला असण्याचा संभव अधिक. सामान्यतः ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी अंश सेल्सिअसच्या सुमारास ही झडप उघडू लागते, आणि ती न उघडल्यास पाणी रेडिएटरकडे जातच नाही. होज हाताने चाचपताना फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवावा.

आपल्या भागात एका कारणाकडे विशेष लक्ष पुरवले पाहिजे. पावस, कोळंबे, गणपतीपुळे या बाजूच्या बागांतील कच्च्या वाटांवर जांभ्याची तांबडी धूळ उडते, समुद्राच्या दमट हवेने ती रेडिएटरच्या बारीक पात्यांत चिकटते, वर पालापाचोळा बसतो, आणि काही दिवसांत वारा जाण्याच्या फटी लिंपल्यासारख्या बंद होतात. समोरून जाळी स्वच्छ दिसली तरी फसू नये. वातानुकूलनाचा कंडेन्सर असल्यास खरा गाळ त्याच्या व रेडिएटरच्या मध्ये असतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आतल्या बाजूने बाहेर अशा दिशेने हलक्या धारेने धुवावे. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात आणि उपायच अपाय ठरतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोकणात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, अशी समजूत सर्रास आढळते. ती सोडून द्यावी. कूलंटमुळे उकळबिंदू वाढतो आणि गंजही रोखला जातो, तर किनाऱ्याजवळच्या विहिरीचे मचूळ पाणी आत क्षाराचा थर आणि गंज निर्माण करते. उत्पादकाने सांगितलेले कूलंट, त्याने सांगितलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळूनच भरावे. त्याचबरोबर रेडिएटरच्या टोपणाचे रबर आणि स्प्रिंग तपासून घ्यावी. हे टोपण आत दाब धरून ठेवते म्हणूनच पाणी शंभर अंशांपलीकडेही उकळत नाही, आणि थोडक्या खर्चाच्या या वस्तूत कसर राहिली तर घाटात हमखास घात होतो.

एवढे करूनही वाटेत काटा तांबड्या पट्टीकडे झुकलाच, तर वातानुकूलन बंद करून सुरक्षित जागी, शक्य तर सावलीत, गाडी घ्यावी. वाफ येत नसेल, पंखा फिरत असेल आणि काटा उतरू लागला असेल, तरच इंजिन काही वेळ रिकामे चालू ठेवावे. वाफ सुटली असेल, किंवा चार्जिंगचा दिवा लागून पट्टा तुटल्याचे दिसले, तर तत्काळ बंद करावे. टोपण गरम असता कदापि उघडू नये. आतले उकळते पाणी कारंज्यासारखे उसळून तोंड-हात भाजतात. अर्धा-पाऊण तास थांबून, ओले फडके घालून, ते हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

बाहेर थेंब न सांडता पाणी वारंवार कमी होत असेल, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, धुराड्यातून दाट पांढरी वाफ निघत असेल, किंवा तेलाची डिपस्टिक दुधाळ रंगाची निघाली, तर हेड गॅस्केट गेल्याचे समजून गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी. पाणी टाकत टाकत मुक्काम गाठण्याच्या हट्टापायी किरकोळ दुरुस्तीचे इंजिन-बांधणीत रूपांतर होते.

जुने कूलंट बदलताना ते आवारात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. ते चवीला गोडसर असते, गुरे व कुत्री ते चाटतात, आणि इथिलीन ग्लायकॉल असलेले द्रव्य त्यांच्या मूत्रपिंडांना प्राणघातक ठरते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवून, गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे.